तळाच्या तेलातून पेट्रोल किती निघतं?

क्रूडपासून पेट्रोल-डिझेल कसं वेगळं होतं, यावर मागच्या अंकात लेख होता. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: सगळं काढून झाल्यावर तळाशी जे काळं, जड तेल उरतं, त्याचं रिफायनरी काय करते? एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (जालना, रोलिंग मिल) : आमच्या रिहीटिंग भट्टीला फर्नेस ऑइल लागतं. पुरवठादार म्हणतो, रिफायनऱ्या आता तळाचा माल विकत नाहीत, त्याचं पेट्रोल करतात. हे खरं, की दर वाढवायचं निमित्त? आणि पेटकोकवर भट्टी चालेल का?

उत्तर : निम्मं खरं आहे. तळाचा माल तोडला जातो, पण त्यातून पेट्रोलपेक्षा डिझेलच्या जातीचं तेल आणि कोक (कोळशासारखा घन कार्बन, हाच पेटकोक) जास्त निघतो.

क्रूड आधी ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उभ्या टॉवरमध्ये सोडतात. त्याहून फार वर नेलं तर तेल भट्टीतच फुटायला लागतं आणि नळ्या कोक धरतात. म्हणून उरलेला भाग निर्वात टॉवरमध्ये नेतात. बाहेर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, आत तो १० ते ४० वर आणलेला असतो. एवढं करूनही जे उडत नाही, म्हणजे साध्या दाबाला ज्याला उकळायला साधारण ५४० अंशांच्या वर जावं लागलं असतं, ते व्हॅक्यूम रेसिड्यू. जड आखाती क्रूडमध्ये त्याचा वाटा पाव हिस्सा किंवा थोडा जास्तच असतो. बॉम्बे हायच्या क्रूडमध्ये तो बराच कमी.

तुमचं फर्नेस ऑइल म्हणजे हाच रेसिड्यू, पातळ करायला डिझेलच्या जातीचं तेल घातलेला. ग्यानबाची मेख इथेच आहे. रेसिड्यू खपवायचा तर सोबत चांगल्या भावाचं तेलही फर्नेस ऑइलच्या भावात द्यावं लागतं. त्यात १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली आणि धूर धुणारी यंत्रणा बसवलेली जहाजं सोडली, तर जास्त गंधकाच्या तेलाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. कोकर, म्हणजे रेसिड्यू तापवून त्याचं हलकं तेल आणि कोक करणारं युनिट, बसवला की रेसिड्यूही सुटतो आणि पातळ करायला लागणारं तेलही वाचतं. हा दुसरा फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण हिशोबात तो मोठा असतो.

पेटकोक मात्र रिहीटिंग भट्टीत नको. त्यात उडणारा भाग १० टक्क्यांच्या आसपासच असल्याने तो लवकर पेट घेत नाही, गंधक भरपूर असतो, आणि राख थोडी असली तरी त्या राखेतलं व्हॅनेडियम भट्टीच्या विटा खातं. सिमेंटच्या भट्टीत चुना असतो, तो गंधक धरून ठेवतो; तुमच्याकडे तो थेट धुराड्यातून जाईल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात पेटकोक आणि फर्नेस ऑइल दोन्हींवर बंदी घातली, तेव्हा नंतर सिमेंट आणि चुनाभट्ट्यांना पेटकोकची सूट मिळाली ती याच कारणाने. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात इंधनाचं नाव असतं. ते बदलून घेतल्याशिवाय इंधन बदलता येत नाही.

एक खबरदारी. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेलं फर्नेस ऑइल एकाच टाकीत ओतू नका. दोन्ही वेगवेगळी ठीक असली तरी एकत्र झाल्यावर त्यातले अस्फाल्टीन (तेलातले सगळ्यांत जड रेणू) खाली बसतात आणि गाळण्या तुंबतात. आधी थोडं थोडं घेऊन, गरम करून मिसळा, एक थेंब फिल्टर पेपरवर टाका आणि तो पेपर ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवा. डाग सगळीकडे सारखा पसरला तर चालेल. मधोमध गडद वर्तुळ उमटलं तर दुसरी टाकी शोधा.

प्रश्न (नांदेड, केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : जड रेणू उष्णतेने तोडले की हलके रेणू मिळतात. मग सगळ्या रेसिड्यूचं पेट्रोल का होत नाही?

उत्तर : हायड्रोजन पुरत नाही म्हणून. रेसिड्यूत पेट्रोल शिल्लक राहिलेलं नसतं, ते तिथे घडवावं लागतं, आणि घडवायला लागणारा कच्चा माल अपुरा असतो.

वही घ्या. १००० किलो रेसिड्यूत कार्बन ८५० किलो, हायड्रोजन १०५ किलो आणि गंधक ४५ किलो आहे असं धरा. पेट्रोलमध्ये वजनाने साधारण १४ टक्के हायड्रोजन लागतो. ८५० किलो कार्बन पूर्ण पेट्रोलमध्ये न्यायचा तर ९८८ किलो पेट्रोल होईल आणि त्याला १३८ किलो हायड्रोजन लागेल. हातात १०५ किलो. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन जाताना आणखी ३ किलो नेतो. म्हणजे ३६ किलो हायड्रोजन बाहेरून आणायचा.

आणायचा नसेल तर कार्बन टाकून द्यायचा. कोकमध्ये ४ टक्के हायड्रोजन धरला, तर हेच समीकरण सोडवून पेट्रोल ६३९ किलो आणि कोक ३१३ किलो येतो. कोकचा हा आकडा प्रत्यक्षाशी चांगला जुळतो. पेट्रोलचा जुळत नाही, कारण तोडफोडीत मिथेन-इथेनसारखे वायू भरपूर निघतात आणि ते हायड्रोजन खाऊन बसतात. बाकीचं बरंचसं तेल डिझेलच्या पल्ल्यातच थांबतं.

रेसिड्यू सुधारण्याच्या सगळ्या पद्धती या दोन खात्यांत बसतात. कार्बन काढणाऱ्या: विसब्रेकर (तेल थोडंच तडकवून पातळ करणारा), कोकर, एफसीसी (गरम कॅटलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकावर, जड तेल फोडणारं युनिट), आणि प्रोपेन-ब्युटेनने अस्फाल्ट वेगळं करणं. हायड्रोजन घालणाऱ्या: रेसिड्यू हायड्रोक्रॅकर. यात ४०० ते ४४० अंश तापमान, १५० ते २०० बार दाब, आणि खालून येणाऱ्या प्रवाहावर कॅटलिस्ट सतत तरंगत ठेवलेला असतो. गच्च भरलेला थर असता तर धातूंनी थोड्याच दिवसांत बुजला असता. हिंदुस्थान पेट्रोलियमने विशाखापट्टणमसाठी याच जातीचं, वर्षाला ३५.५ लाख टनांचं एलसी-मॅक्स युनिट निवडलं. हायड्रोजन फुकट येत नाही. नैसर्गिक वायूपासून तो करताना दर किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

परीक्षेत कॉनरॅडसन कार्बनची व्याख्या विचारतात, तिचा उपयोग कुणी सांगत नाही. हवा न लागू देता तेल तापवून उरणाऱ्या कार्बनची ही टक्केवारी. तिला १.६ ने गुणलं की डिलेड कोकरमधल्या कोकचा अंदाज येतो. रेसिड्यूचा आकडा २० असेल तर ३२ टक्के कोक. वरच्या ३१३ किलोंशी ताडून पाहा.

प्रश्न (लातूर, पॉलिटेक्निक) : डिलेड कोकरमध्ये कोक भट्टीत न होता ड्रममध्येच कसा होतो? पायऱ्या आणि नेहमीचे बिघाड सांगाल का?

उत्तर : सगळं कसब वेळेचं आहे. तेल ४९० ते ५०५ अंशांपर्यंत नेलं की कोक होणारच, प्रश्न एवढाच की कुठे. म्हणून भट्टीच्या नळ्यांत पाणी किंवा वाफ सोडून तेलाचा वेग इतका वाढवतात की ते कोक धरण्याआधी बाहेर पडावं. पुढे ८-९ मीटर व्यासाचा, २५-३० मीटर उंचीचा रिकामा ड्रम असतो. तिथे वेग मोडतो, तेल थांबतं आणि उरलेली क्रिया तिथे पूर्ण होते. वाफा वरून फ्रॅक्शनेटरला (वाफांतली तेलं वेगळी करणाऱ्या टॉवरला) जातात, कोक खालून वर साठत येतो. वाफांची पाइप कोक धरू नये म्हणून तोंडाशीच थंड गॅस ऑइल (डिझेलच्या जातीचं तेल) मारतात.

ड्रम जोडीने असतात. एक भरत असताना दुसरा रिकामा करायचा. भरायला १६ ते २४ तास, आणि तेवढ्याच वेळात दुसऱ्याचं सगळं उरकायचं. भरलेल्या ड्रममध्ये आधी थोडी वाफ सोडून अडकलेलं तेल फ्रॅक्शनेटरकडे ढकलतात, मग जास्त वाफ ब्लोडाउनकडे (ड्रममधून निघणारी वाफ गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे). त्यानंतर पाणी: सुरुवातीला अगदी हळू, मग वाढवत. ड्रम पाण्याने भरला, थंड झाला की निचरा, वरचं आणि खालचं झाकण उघडणं, आणि २०० ते ३०० बार दाबाच्या पाण्याने कापणी. आधी वरून खालपर्यंत मधोमध आरपार भोक पाडतात, मग तोटीचं तोंड बदलून आडव्या धारेने कोक सोलत आणतात. शेवटी झाकणं लावून, वाफेने हवा काढून, दाब देऊन गळती तपासायची आणि चालू ड्रममधल्या गरम वाफा सोडून हा ड्रम तापवत आणायचा. थंड ड्रममध्ये पाचशे अंशांचं तेल कुणी सोडत नाही.

बिघाडांत पहिला नंबर भट्टीच्या नळ्यांचा. आत कोक धरला की त्याच भारावर नळीच्या पृष्ठभागाचं तापमान दिवसेंदिवस चढतं. मर्यादा जवळ आली की एकेका फेरीतलं तेल बंद करून, वाफेने गरम-थंड करत कोक उचकटून काढतात. नाहीच जमलं तर बंद काळात नळ्यांतून खरवडणारे पिग फिरवतात. क्रूडचं मीठ नीट धुतलं गेलं नसेल तर सोडियममुळे हे फार लवकर होतं. नळ्या वारंवार चोंदत असतील तर आधी डिसॉल्टरची नोंदवही पाहावी.

दुसरा, फेस. ड्रम भरत आला की वर फेसाचा थर चढतो आणि दाब अचानक उतरला तर फेस थेट वाफेच्या पाइपमध्ये जातो. तो फ्रॅक्शनेटरमध्ये पोहोचला की युनिट बंदच. म्हणून ड्रमच्या बाहेरून किरणोत्सारी लेव्हल मीटर लावतात आणि शेवटच्या काही तासांत सिलिकॉनचं फेसनाशक सोडतात. या सिलिकॉनचा त्रास पुढच्या प्रश्नात येईल.

तिसरा, पाणी घाईने सोडणं. पत्रा असमान आकसतो, ड्रमला फुगवटे येतात आणि बुडाजवळच्या स्कर्टच्या (ड्रमला पेलणाऱ्या आधाराच्या) वेल्डला चिरा जातात. दोन तास वाचवायला गेलं की काही वर्षांनी ड्रम बदलावा लागतो.

आणि शॉट कोक. अस्फाल्टीन फार असतील, दाब आणि पुनर्चक्रण कमी ठेवलं असेल, तर कोक सलग न जमता छऱ्यांसारखा होतो. असा ढीग मधून मधून गरम राहतो, पाणी सगळीकडे पोहोचत नाही, आणि कापणीच्या वेळी उकळतं पाणी आणि वाफ वर उसळते. खालचं झाकण उघडताना छरे कोसळतात. झाकण दुरून चालणाऱ्या स्लाइड व्हॉल्व्हचं असावं असा आग्रह धरतात तो म्हणूनच. हाताने झाकण उघडण्याची ही जागा नाही.

प्रश्न (परभणी, पेट्रोल पंप) : पानेवाडीच्या डेपोतून येणाऱ्या पेट्रोलमध्ये कोकरचा माल असतो का? तो कमी प्रतीचा म्हणतात.

उत्तर : जसाच्या तसा असूच शकत नाही. कोकरच्या नाफ्थ्याचा (पेट्रोलच्या पल्ल्यातल्या हलक्या तेलाचा) ऑक्टेन ६० ते ७० च्या घरात, गंधक भरपूर, आणि डायओलेफिन नावाचे अस्वस्थ रेणू असे की हवा लागताच डिंक धरतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे. ती या मालाने एका घोटात ओलांडली असती.

त्याला आधी साधारण १५० ते २०० अंशांच्या सौम्य रिअॅक्टरमधून नेतात. तिथे फक्त डायओलेफिन निवळतात. हे न करता थेट तापवलं तर हीट एक्स्चेंजर आणि कॅटलिस्टचा वरचा थर डिंकाने तुंबतो. मग सिलिकॉन धरणारा थर. फेसनाशकातलं सिलिकॉन नाफ्थ्यातच उतरतं आणि त्याने मेलेला कॅटलिस्ट भाजून पुन्हा जिवंत होत नाही, फेकावाच लागतो. त्यानंतर गंधक आणि नायट्रोजन काढणं, आणि जड भाग रिफॉर्मरला. तिथे ऑक्टेन ९५ च्या वर जातो, पण वजनातला पाचवा हिस्सा वायू आणि हायड्रोजन होऊन निघतो. हा नाफ्था टाकीत साठवायचाच असेल तर वर नायट्रोजन हवा. शक्यतो गरम असतानाच पुढे पाठवावा.

पेट्रोलचा मोठा वाटा दुसऱ्या वाटेने येतो. कोकरचं जड गॅस ऑइल हायड्रोजनने धुऊन एफसीसीत घालतात आणि तिथे त्याचं साधारण निम्मं, ९१-९३ ऑक्टेनचं पेट्रोल होतं. आता शीर्षकातल्या प्रश्नाचा हिशोब: १००० किलो रेसिड्यू, कॉनरॅडसन २०. कोक ३२० किलो, वायू १०० किलोंच्या थोडे वर, नाफ्था १०० ते १५० किलो, उरलेलं हलकं आणि जड गॅस ऑइल. नाफ्थ्यातून रिफॉर्मिंगनंतर शंभरेक किलो, जड गॅस ऑइलमधून तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे पेट्रोल २०० ते २३० किलो. क्रूड आणि यंत्रणा बदलली की आकडे हलतात, पण कुणी रेसिड्यूतून ७०-८० टक्के पेट्रोल सांगत असेल तर हायड्रोजन कुठून आणला ते विचारा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, वाळूज, प्रोसेस इंजिनिअर) : कोकर टाळून रेसिड्यू थेट एफसीसीत घालण्यात अडचण काय? पुनरुज्जीवक (कॅटलिस्ट पुन्हा कामाचा करणारा भाग) तर कोक जाळतोच.

उत्तर : कोक जाळता येतो, धातू जळत नाहीत. फीडमध्ये निकेल आणि व्हॅनेडियम मिळून दहा लाखांत १० भाग आहे आणि युनिट दिवसाला १०,००० टन घेतं असं धरा. म्हणजे रोज १०० किलो धातू कॅटलिस्टवर बसतो, आणि तिथेच राहतो. कॅटलिस्टवरचं प्रमाण ५,००० भागांवर रोखायचं असेल तर रोज २० टन जुना काढून २० टन नवा घालावा लागतो. त्या फीडमध्ये २०० भाग धातू असलेला रेसिड्यू फक्त ५ टक्के मिसळा. धातू जवळपास दुप्पट, कॅटलिस्टचं बिल दुप्पट.

दोन्ही धातूंची खोड वेगळी. निकेल हायड्रोजन काढून टाकण्याची क्रिया वाढवतं. कोरड्या वायूत हायड्रोजन-मिथेनचं गुणोत्तर चढायला लागलं की ते ओळखावं; वायूचा कॉम्प्रेसर भरतो आणि फीड कमी करावं लागतं. यावर अँटिमनीचं द्रावण फीडसोबत सोडतात, त्याने निकेल निष्प्रभ होतं. व्हॅनेडियम मात्र पुनरुज्जीवकात वाफ आणि ऑक्सिजनच्या संगतीने आम्ल होऊन झिओलाइटची (कॅटलिस्टमधल्या सच्छिद्र पदार्थाची) जाळीच मोडतं. इथे अँटिमनीचा उपयोग नाही. व्हॅनेडियम धरणारा कॅटलिस्ट घ्यायचा, वाफ आटोक्यात ठेवायची आणि सोडियम येऊ द्यायचं नाही, कारण दोघं मिळून नुकसान वाढवतात.

राहिली उष्णता. नेहमीचं पुनरुज्जीवक ६८० ते ७२० अंशांत चालतं. कॉनरॅडसन वाढला की जास्त कोक, जास्त उष्णता, आणि तापमान त्यापुढे सरकलं की कॅटलिस्ट लवकर मरतो. गरम कॅटलिस्टमुळे रायझरमध्ये (तेल आणि कॅटलिस्ट एकत्र वर जातात त्या उभ्या नळीत) त्याचं तेलाशी प्रमाणही घटतं आणि पेट्रोल कमी होतं. म्हणून रेसिड्यू घेणाऱ्या युनिटला वाफ करणारे कॅटलिस्ट कूलर किंवा दोन टप्प्यांचं पुनरुज्जीवक लागतं. तुमच्या जुन्या युनिटमध्ये दोन्ही नसतील तर मिसळण आधी एक-दोन टक्क्यांवर ठेवून उष्णतेचा ताळा पाहा. फीडच्या तोटीला वाफही वाढवावी लागेल. जाड थेंब दोन-तीन सेकंदांत उडत नाहीत, कॅटलिस्टवर ओले राहून कोक होतात आणि रिअॅक्टरच्या भिंतीवर चढतात.

प्रश्न (बीड, रस्ते कंत्राटदार) : हे सगळे रेसिड्यू फोडायला लागले तर डांबर कुठून येणार?

उत्तर : डांबरही त्याच रेसिड्यूपासून होतं, त्यामुळे ओढाताण आहे खरी. पण प्रत्येक रेसिड्यूचं डांबर होत नाही. बॉम्बे हायचं क्रूड मेणचट, त्याचं चांगलं डांबर बनत नाही. त्यासाठी आखातीसारखं जड क्रूड लागतं. तुम्ही काळजी दुसऱ्या गोष्टीची करा. विसब्रेकरमधून एकदा तडकलेल्या तेलाची भेसळ डांबरात असेल तर सुरुवातीची चाचणी पास होते, पण उन्हात ते लवकर कडक होऊन चिरतं. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराला ६० अंशांवर किमान २४०० पॉइज चिकटपणा आणि व्हीजी-४० ला ३२०० एवढं पाहून थांबू नका. पातळ थर भाजून घेण्याच्या चाचणीनंतरचा चिकटपणाचा आकडा मागा. तो खूप चढलेला असेल तर माल परत पाठवा.

प्रश्न (धाराशिव, साखर कारखान्याची डिस्टिलरी) : आमचं इथेनॉल २० टक्के मिसळल्यावर रिफायनरीला तळाचं तेल फोडायची गरज उरते का?

उत्तर : उरते. रेसिड्यू किती निघणार ते क्रूड किती घेतलं यावर ठरतं, आणि डिझेल लागतं तोवर क्रूड घेतलं जाणारच. फरक पडतो तो वेगळ्या जागी. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आणि त्यात गंधक, बेन्झीन, ओलेफिन नाही. त्यामुळे डेपोत ते मिसळलं जाणार हे धरून रिफायनरी मूळ पेट्रोलमध्ये कमी ऑक्टेनचा, म्हणजे निवळलेल्या कोकर नाफ्थ्याचा हलका भागही थोडा जास्त बसवू शकते. उलट बाजूने, इथेनॉलमुळे मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, म्हणून मूळ पेट्रोलमधून ब्युटेन काढावा लागतो. पेट्रोल उरायला लागलं तर एफसीसीचं तापमान चढवून आणि झेडएसएम-५ कॅटलिस्ट घालून तेच तेल एलपीजी आणि प्रोपिलीनकडे वळवतात. इंडियन ऑइलच्या पारादीप रिफायनरीतलं इंडमॅक्स युनिट मुळातच जास्त एलपीजी देण्यासाठी बनवलेलं आहे.